चित्रातला योसेफ नक्की कोणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातल्या म्युझियमचे फोटो बघताना, चर्चमधल्या काचा बघताना, इराणी लघुचित्रं बघताना हे नाव सारखं भेटतं आणि दर वेळी माणूस वेगळाच निघतो. मला हा विषय मनापासून आवडतो, गेली कित्येक वर्षं ही चित्रं मी जमतील तशी बघतोय, आणि लोक जे प्रश्न वारंवार विचारतात त्यांची उत्तरं एकदाची नीट लिहून काढावीत म्हणून हे पान.

मुळात हे नाव कुठलं आणि अर्थ काय?

हिब्रू नाव, योसेफ. उत्पत्तीच्या पुस्तकात राहेलला खूप वर्षांनी मूल होतं, तेव्हा ती म्हणते की देवाने मला अजून एक मुलगा द्यावा, आणि त्या "अजून द्यावा, भर घालावी" मधूनच हे नाव येतं. अरबीत यूसुफ, इंग्रजीत जोसेफ, इटालियनमध्ये ज्युझेप्पे, पोर्तुगीजमध्ये जुझे. गोव्यात आणि आमच्या वसईकडे जुझे ऐकलं असेलच, संत जुझे वाझ गोव्याचेच, 2015 साली त्यांना संतपद मिळालं. आणि कोकणातले बेने इस्राएल ज्यू लोक, म्हणजे आपले शनवार तेली, ते जुनी हिब्रू नावं मराठी वळणाने घ्यायचे, तर त्यांच्यात योसेफचं इसुबजी व्हायचं, जसं बेंजामिनचं बन्नाजी आणि सॅम्युअलचं सामाजी. मला हे इसुबजी फार गोड वाटतं.

चित्रांमध्ये एकूण किती योसेफ आहेत?

मोठे तीन. पहिला याकोबाचा लाडका मुलगा, स्वप्नं बघणारा, भावांनी विकलेला, पुढे इजिप्तचा कारभारी झालेला. दुसरा नाझरेथचा सुतार, मरीयेचा नवरा. तिसरा अरिमथाईकर योसेफ, श्रीमंत माणूस, ज्याने येशूचं शव मागून घेतलं आणि स्वतःच्या कबरीत ठेवलं. याशिवाय दोन असे आहेत की त्यांचं नाव योसेफ होतं हेच आपण विसरतो, त्यांचं खाली लिहिलंय.

मग चित्र बघताना ओळखायचं कसं?

माझं एकच सांगणं असतं, कापड शोधा. चेहऱ्याकडे नंतर बघा, वयाकडे तर अजिबात जाऊ नका (का ते पुढे येईल), आधी बघा की चित्रात कपड्याचं काय चाललंय. कुणीतरी झगा ओढतंय, कुणी रक्ताने माखलेला झगा म्हाताऱ्या बापाला दाखवतंय, तर तो पहिला योसेफ. बाळ आहे, गोठा आहे, रंधा-करवत आहे आणि बाजूला एक माणूस गप्प बसलाय किंवा काहीतरी काम करतोय, तर तो दुसरा. आणि पांढरं लांब तागाचं कापड आणि त्यावर शव, तिथे डोक्याच्या बाजूला उभा असलेला चांगल्या कपड्यांतला माणूस, तो बहुतेक तिसरा.

हे नुसतं ओळखायची ट्रिक म्हणून सांगत नाहीये. या नावाच्या माणसांच्या गोष्टी खरंच कापडाभोवती फिरतात आणि चित्रकारांना ते चांगलं कळलेलं होतं.

तो रंगीबेरंगी कोट खरंच रंगीबेरंगी होता का?

मूळ हिब्रू शब्द आहे कतोनेत पस्सीम आणि त्याचा नेमका अर्थ काय यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. ग्रीक भाषांतरात तो अनेक रंगांचा झाला आणि तिथून युरोपभर तेच पसरलं. दुसरा अर्थ लावतात तो लांब बाह्यांचा, घोळदार, आणि मराठीत आपण पायघोळ झगा म्हणतो ते या अर्थाच्या जवळचं आहे. लांब बाह्यांचा झगा म्हणजे ज्याला शेतात राबायचं नाही त्याचा कपडा, आणि असा झगा बारा भावांपैकी एकालाच शिवून दिला तर घरात काय होईल ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. अजून एक, हाच शब्द बायबलमध्ये दुसऱ्या एकाच व्यक्तीच्या कपड्यासाठी येतो, दाविदाची मुलगी तामार, आणि तिच्यावरही तिच्या भावानेच अत्याचार केला, आणि तिनेही तो झगा फाडला. ज्याने हे लिहिलं त्याने मुद्दाम लिहिलं असणार असं मला वाटतं.

या झग्याचं सगळ्यात जबरदस्त चित्र माझ्या मते व्हेलास्केझचं. 1630 साली रोममध्ये असताना काढलेलं, आता स्पेनमधल्या एस्कोरियाल या राजवाड्यात आहे. भाऊ बापाला बोकडाच्या रक्तात बुडवलेला झगा दाखवतायत, म्हातारा याकोब हात पसरून उठतोय, आणि खाली एक छोटं कुत्रं त्या भावांवर भुंकतंय. सगळ्या खोलीत खोटं कुणाला कळलंय तर त्या कुत्र्याला. योसेफ स्वतः चित्रात नाहीच, फक्त त्याचे कपडे आहेत, आणि तरी चित्र त्याचंच आहे.

पोटीफरच्या बायकोची एवढी चित्रं का?

कारण त्यात नाट्य आहे आणि पुन्हा कापड आहे. योसेफ इजिप्तमध्ये पोटीफर नावाच्या सरदाराच्या घरी गुलाम, मालकीण त्याच्या मागे लागते, तो नाही म्हणतो, ती झगा पकडते, तो झगा तिच्या हातात सोडून पळतो, आणि मग तोच झगा पुरावा म्हणून दाखवून ती त्याला तुरुंगात टाकायला लावते. म्हणजे त्याच्याबद्दल कपड्याने दोनदा खोटी साक्ष दिली, एकदा बापासमोर आणि एकदा मालकासमोर.

सहाव्या शतकातलं एक हस्तलिखित व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, जांभळ्या रंगवलेल्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेलं, त्यात हा प्रसंग आहे. ती पलंगावर बसून त्याच्या झग्याला धरतेय आणि तो दाराकडे निघालाय. पुढे रेम्ब्रांट, गुइदो रेनी, मुरिय्यो, ओराझिओ जेंतिलेस्की सगळ्यांनी हा प्रसंग काढला.

पण मला सगळ्यात जास्त थांबवतं ते बोलोन्यातलं एक संगमरवरी शिल्प, साधारण 1525 च्या सुमाराचं, प्रोपेर्त्सिया दे रोस्सी नावाच्या बाईने केलेलं. त्या काळात बाई दगड फोडतेय हीच केवढी मोठी गोष्ट! तिच्या शिल्पात पलंगावरून झेपावणाऱ्या त्या बाईच्या दंडात अशी ताकद आहे की पुरुष कलाकारांच्या नाजूक मालकिणी तिच्यापुढे खोट्या वाटतात. कलाकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने मात्र तिच्याबद्दल लिहिताना सांगून टाकलं की तिला कुणा तरुणाने नाकारलं म्हणून तिने हे केलं. पुरुषांनी तोच प्रसंग काढला तेव्हा त्यांचे ब्रेकअप कुणी शोधत बसलं नाही. मला याचा राग येतो आणि मी तो लपवत नाही.

युसूफ-झुलेखा म्हणजे हीच गोष्ट का?

हीच, पण वाट वेगळी. कुराणातला बारावा सूरा, म्हणजे अध्याय, पूर्ण युसूफचा आहे, 111 आयती, आणि तिथे त्याला सर्वात सुंदर कथा म्हटलंय. बायबलमध्ये झगा खोटं बोलतो, इथे सदरा आधी खोटं आणि मग खरं बोलतो. सदरे तीन वेळा येतात. पहिला खोट्या रक्ताचा. दुसरा फाटलेला, आणि तिथे घरातलाच एक साक्षीदार म्हणतो की सदरा पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर तो खरा, आणि सदरा मागून फाटलेला निघतो. तिसरा सदरा युसूफ बापाकडे पाठवतो, रडून रडून डोळे गेलेल्या याकूबच्या चेहऱ्यावर तो टाकतात आणि त्याला परत दिसायला लागतं. पहिल्या सदऱ्याने जे डोळे नेले ते तिसऱ्याने परत दिले, आणि हे वाचताना मला दर वेळी भरून येतं.

पुढे फारसी कवी जामीने 1483 साली यावर सूफी प्रेमकाव्य लिहिलं, आणि झुलेखा, म्हणजे तीच पोटीफरची बायको, फक्त खलनायिका न राहता ईश्वराच्या ओढीने जळणारा जीव झाली. आपल्या दख्खनमध्येही ही कथा रुजली, विजापूरच्या हाशमीने ती दख्खनीत रचली.

यातलं एकच चित्र बघायचं झालं तर कुठलं?

बिहजादचं. 1488, हेरातचा सुलतान हुसेन बायकरासाठी केलेल्या सादीच्या बुस्तान या काव्याच्या प्रतीतलं, आता कैरोत आहे. झुलेखाने सात खोल्यांचा महाल बांधलाय, एकातून दुसरीत दारं, सगळी बंद, आणि बिहजादने तो महाल असा उलगडून ठेवलाय की जिने, दारं, नक्षीच्या टाइल्स यातून आपला डोळा फिरत फिरत वरच्या कोपऱ्यात पोचतो जिथे ती गुडघ्यांवर येऊन त्याला धरतेय आणि तो निसटतोय. त्याच्या डोक्याभोवती सोनेरी ज्वाळा. पूर्ण महालात फक्त ही दोनच माणसं. मोबाईलवर बघत असाल तर झूम करा, एकेक दार नीट बघा, घाई करू नका.

बायकांच्या हातात सुऱ्या आणि फळं आणि बोटातून रक्त असं लघुचित्र दिसलं तर तेही याच कथेतलं. झुलेखाला नावं ठेवणाऱ्या बायकांना ती जेवायला बोलावते, हातात सुऱ्या देते आणि युसूफला समोर आणते, आणि त्याला बघून त्या फळाऐवजी हात कापून घेतात.

व्हेनिसला मोझेइकमध्ये पिरॅमिड दिसतात, ते योसेफचे कसे?

सान मार्को चर्चच्या दालनातल्या तेराव्या शतकातल्या मोझेइकमध्ये योसेफच्या कथेला तीन घुमट दिलेत. तेव्हा युरोपात समजूत होती की पिरॅमिड म्हणजे योसेफने दुष्काळासाठी बांधलेली धान्याची कोठारं, म्हणून तिथे ते तसे काढलेत.

सुतार योसेफ कधी म्हातारा तर कधी तरुण, असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि म्हणूनच वर म्हटलं की वयावर जाऊ नका.

बायबलमध्ये त्याचं वय दिलेलंच नाही. अख्ख्या चार शुभवर्तमानांत, म्हणजे येशूची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकांत, त्याच्या तोंडी एक वाक्य नाही! तो फक्त स्वप्न बघतो, उठतो आणि सांगितलं ते करतो. दुसऱ्या शतकातल्या एका लेखनात, जे बायबलात घेतलं गेलं नाही, तो म्हातारा विधुर म्हणून येतो, मरीयेचं कौमार्य अबाधित राहिलं हे पटावं म्हणून, आणि त्याच्या काठीतून कबूतर निघतं म्हणून त्याची निवड होते. जोत्तोने पादुआच्या चॅपलमध्ये साधारण 1305 ला हे सगळं रंगवलं, त्यात काठीला फूल येतं आणि कबूतरही आहे. आणि जन्माच्या चित्रात योसेफ खाली कोपऱ्यात हनुवटीला हात लावून बसलाय, पेंगतोय की विचारात पडलाय ते कळत नाही. कितीतरी शतकं तो असाच कोपऱ्यात होता, मला त्याची फार कणव यायची.

मग पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या जाँ जेर्सोंसारख्या धर्मपंडितांनी म्हणायला सुरुवात केली की अहो, बायको आणि तान्हं बाळ घेऊन वाळवंट ओलांडून इजिप्तला जाणारा, रोज राबून घर चालवणारा माणूस म्हातारा कसा असेल? स्पेनमध्ये संत तेरेसा दे आव्हिलाने 1562 साली पहिला मठ काढला तो त्याच्याच नावाने. आणि एल ग्रेकोने 1597 ते 1599 या काळात तोलेदोच्या चॅपलसाठी जो योसेफ काढला तो उंच, तरणा, चालता माणूस आहे, पोरगं त्याच्या मांडीला बिलगलंय, वर देवदूत फुलं घेऊन उलटे लटकलेत. माझ्या लहानपणी वसईत शेजारच्या घरी जे कॅलेंडर असायचं त्यात हातात पांढऱ्या लिलीची फुलं घेतलेला जुझे होता, काळी दाढी, शांत चेहरा, मला तो चित्रातल्या सगळ्या मोठ्या माणसांपेक्षा जवळचा वाटायचा कारण तो कुणाचातरी बाबा दिसायचा. ती फुलं म्हणजे त्याच जुन्या काठीची आठवण हे मला फार उशिरा कळलं.

त्याच्या चित्रात कापड कुठे आहे?

आहे, आणि किती सुंदर आहे बघा. जर्मनी आणि नेदरलँड्सच्या भागात जुनी समजूत होती की बाळ जन्मलं तेव्हा गुंडाळायला काहीच नव्हतं म्हणून योसेफने पायातले लांब मोजे काढून दिले. अँटवर्पच्या मायर व्हान डेन बेर्ख म्युझियममध्ये साधारण 1400 चं एक छोटं चित्र आहे, योसेफ एक पाय उघडा टाकून जमिनीवर बसलाय आणि हातात सुरी घेऊन आपला मोजा कापतोय. बस्स, एवढंच. थंडीत बसलेला एक गरीब माणूस आणि त्याच्याकडे द्यायला जे होतं ते. आखेनच्या कॅथेड्रलमध्ये तर ते बाळंत्याचं कापड म्हणून एक वस्त्र जपून ठेवलंय आणि सात वर्षांतून एकदा ते लोकांना दाखवतात.

सुतारकामाची चित्रं कुठली बघावीत?

न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स म्युझियममध्ये रोबेर कांपँच्या कार्यशाळेचं एक तीन फळ्यांचं चित्र आहे, 1427 ते 1432 च्या दरम्यानचं. मधल्या फळीत देवदूत मरीयेला निरोप द्यायला आलाय आणि उजव्या फळीत योसेफ दुकानात बसून उंदराचे सापळे बनवतोय, एक तर खिडकीबाहेर विकायला मांडलाय. संत ऑगस्टीनने म्हटलं होतं की क्रूस म्हणजे सैतानासाठी लावलेला उंदराचा सापळा, तर त्याच्याशी याचा संबंध लावतात. शेजारच्या खोलीत काय घडतंय याचा पत्ता नाही आणि तरी हा माणूस नेमकं तेच काम करतोय.

लूव्रमधलं जॉर्ज द ला तूरचं साधारण 1642 चं चित्र तर बघाच. रात्र, वाकून लाकडाला गिरमिटाने भोक पाडणारा योसेफ, समोर मेणबत्ती धरलेला लहान येशू, आणि ज्योतीसमोर धरलेल्या पोराच्या बोटांतून उजेड आरपार दिसतो. बापाच्या कपाळावर आठ्या, नजर पोरावर. खाली जे लाकूड आडवं पडलंय ते कशासारखं दिसतंय ते मी सांगत नाही.

आणि इंग्रज चित्रकार मिलेचं 1850 ला लंडनला लागलेलं चित्र, ज्यात पोराच्या तळहाताला खिळा लागलाय आणि योसेफ वाकून जखम बघतोय. त्यासाठी मिलेने शरीर खऱ्या सुताराचं वापरलं, फुगलेल्या शिरांसकट. डिकन्ससकट बऱ्याच जणांना पवित्र कुटुंब असं कामकरी दाखवलेलं अजिबात रुचलं नाही. मला वाटतं त्या शिरांमुळेच ते चित्र आज उभं आहे.

पहिला योसेफ आणि सुतार योसेफ यांचा काही संबंध आहे का, का नुसतं नाव सारखं?

शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयने हा संबंध मुद्दाम विणलाय असंच वाटतं. त्याच्या वंशावळीत सुतार योसेफच्या बापाचं नावही याकोब आहे. दोघंही स्वप्नं बघतात, सुताराला चार पडतात. दोघंही इजिप्तला जातात, आणि दोघांमुळे घरच्यांचा जीव वाचतो.

अरिमथाईकर योसेफ आणि निकदेम यांच्यात फार गोंधळ होतो, काय करू?

तो सगळ्यांचाच होतो. योहानाच्या शुभवर्तमानात दोघं मिळून शव उतरवून दफन करतात. योसेफ श्रीमंत, सभेचा सदस्य, तो रोमन सुभेदार पिलाताकडे जाऊन शव मागतो, तागाचं कापड विकत आणतो आणि कबर देतो. निकदेम सुगंधी द्रव्यं आणतो. चित्रात साधारणपणे योसेफ डोक्याकडे, निकदेम पायाकडे किंवा खिळे काढताना, पण हा काही पक्का नियम नाही. माद्रिदच्या प्रादो म्युझियममधलं व्हान डेर वेयडेनचं साधारण 1435 चं, येशूला क्रूसावरून उतरवतानाचं चित्र घ्या, त्यात जरीचा भारी झगा घातलेला माणूस कोण यावर आजही दोन्ही बाजूंनी बोलतात. फ्लोरेन्सला मायकेलअँजेलोचा म्हातारपणी केलेला, त्यानेच मध्येच फोडलेला पिएता, म्हणजे येशूचं शव धरलेल्या आप्तांचं शिल्प, आहे, त्यात मागे टोपडं घातलेला वाकलेला म्हातारा, चेहरा मायकेलअँजेलोचा स्वतःचा. वासारी त्याला निकदेम म्हणतो, काहीजण योसेफ म्हणतात. निकदेमला परंपरेने शिल्पकार मानतात म्हणून मलाही तो निकदेमच वाटतो. पण ते शिल्प त्याने स्वतःच्या थडग्यासाठी करायला घेतलं होतं हे कळल्यावर मात्र मन जरा डळमळतं, कारण स्वतःची कबर देणारा तर योसेफ.

मध्ययुगातल्या चित्रमय बायबलांमध्ये, ज्यात जुन्या आणि नव्या करारातले प्रसंग शेजारी ठेवायचे, येशूच्या दफनाशेजारी भाऊ योसेफला विहिरीत टाकतायत ते चित्र असतं. म्हणजे एका पानावर एक योसेफ विहिरीत उतरवला जातोय आणि दुसरा योसेफ कुणालातरी कबरीत उतरवतोय, आणि आपल्याला माहीत असतं की विहिरीतला वर आला होता.

हा योसेफ इंग्लंडला कसा पोचला?

दंतकथेने. ग्लॅस्टनबरीला तो आला, काठी रोवली आणि तिथे काटेरी झाड फुललं, अशी कथा आहे, आणि साधारण 1200 च्या सुमाराला रोबेर द बोरोंने पवित्र पेल्याची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणातल्या पेल्याची कथाही त्याच्याशी जोडली. विल्यम ब्लेकने 1773 मध्ये, सोळाव्या वर्षाच्या आसपास, शिकाऊ असताना त्याचं एन्ग्रेव्हिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, केलं, समुद्रकाठच्या खडकांत हात बांधून एकटा उभा असलेला माणूस.

ते विसरलेले दोन योसेफ कोण?

एक कयफा, ज्याने येशूला दोषी ठरवलं तो मुख्य याजक. इतिहासकार जोसीफस त्याचं नाव योसेफ देतो, आणि 1990 मध्ये जेरुसलेमला सापडलेल्या एका अस्थिपेटीवर "योसेफ बर कयफा" अशा अर्थाची अक्षरं आहेत. जोत्तोच्या पादुआतल्या चित्रात हा कयफा दोन्ही हातांनी स्वतःचा झगा छातीवर फाडतोय. एका योसेफने येशूला मरणाकडे पाठवलं आणि दुसऱ्याने कापडात गुंडाळलं.

दुसरा बर्णबा. प्रेषितांच्या कृत्यांत त्याचं मूळ नाव योसेफ दिलंय. लुस्त्र नावाच्या गावात लोक त्याला आणि पौलाला देव समजून बळी द्यायला निघतात तेव्हा दोघं आपले कपडे फाडतात. राफाएलने 1515-16 मध्ये हे टॅपेस्ट्रीसाठी, म्हणजे भिंतीवर लावायच्या विणलेल्या चित्रासाठी, काढलं, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहे.

एकाच ठिकाणी दोन योसेफ बघायला मिळतील का?

हो, जर्मनीत कासेलला, आणि दोन्ही रेम्ब्रांटचे. 1646 च्या चित्रात मरीया शेकोटीजवळ बाळाला घेऊन बसलीय, जमिनीवर मांजर आहे, आणि उजवीकडे अंधारात, नीट बघितलं तरच दिसेल असा, योसेफ लाकडं फोडतोय. चित्रावर रेम्ब्रांटने दांडीसकट एक लाल पडदा रंगवलाय, अर्धा सरकवलेला, जणू आपल्याला हे थोडा वेळच बघायला दिलंय. आणि 1656 च्या चित्रात मरणासन्न याकोब नातवांना आशीर्वाद देतोय. बायबलमध्ये बाप धाकट्याच्या डोक्यावर उजवा हात ठेवतो म्हणून योसेफ नाराज होतो आणि तो हात हलवायला बघतो. रेम्ब्रांटच्या योसेफच्या चेहऱ्यावर मला नाराजी दिसत नाही, तो बापाच्या पाठीशी उभा राहून त्याला सावरतोय. शेजारी त्याची बायको आसनथ आहे, जी त्या प्रसंगात बायबलमध्ये नाहीच, रेम्ब्रांटने तिला आणून उभं केलंय. इथेही पलंगाचा पडदा बाजूला सारलेला आहे, आणि म्हाताऱ्याच्या अंगावर एक मोठं लालसर पांघरूण आहे.